पाखरांसाठी राखलेल्या दोन ओळी

राजूरच्या गणेशाला आणि अंबडच्या टेकडीवरील मत्स्योदरीला वंदन करून, आणि जिच्यावर पाऊल ठेवण्यापूर्वी रोज सकाळी क्षमा मागावी असे मला बालपणी शिकविले गेले त्या भूमीला हात लावून मी हे लिहावयास बसलो आहे. निमित्त लहान आहे. जुन्या जालन्यातील ज्या शाळेत मी चौतीस वर्षे संस्कृत शिकविले, तेथील मुख्याध्यापकांचा काल फोन आला. ते माझेच विद्यार्थी. त्यांनी प्रकृती विचारली, आणि पुढे म्हणाले, "गुरुजी, यंदा हुरडा कधी ठेवताय? बस आधी सांगावी लागते."

शिवारफेरी असे ते म्हणाले नाहीत. हुरडा म्हणाले.

मी म्हणालो, यंदा नाही. का, असे त्यांनी विचारले तेव्हा मला फोनवर उत्तर देता आले नाही. ते उत्तर त्यांच्यासाठी, आणि गेल्या तीन हिवाळ्यांत माझ्या शेतावर येऊन गेलेल्या सर्वांसाठी, येथे लिहून ठेवतो.

आमची थोडी जमीन वडीगोद्रीपासून आत, महामार्गाचा आवाज जेथे पुसट होतो तेथे आहे. नोकरीच्या काळात ती बटाईने दिलेली होती. निवृत्त झाल्यावर, भूमीची स्तुती आयुष्यभर मुलांकडून पाठ करून घेतली, आता प्रत्यक्ष तिची सेवा करावी, अशा विचाराने मी तेथे राहावयास गेलो. स्तुती येत होती. शेती येत नव्हती.

माझ्या आणि शेजारच्या शेताच्या मध्ये एक रुंद बांध आहे, म्हणजे होता. आमच्याकडे त्याला धुरा म्हणतात. बैलगाडी सहज जाईल इतका तो रुंद होता. त्यावर बोरी होत्या, तरवड होती, कमरेइतके गवत होते आणि मधोमध एक जुने हिवराचे झाड होते. त्याच्या ढोलीत पिंगळ्यांची, उंदीर टिपणाऱ्या लहान घुबडांची, जोडी राहत असे. धुऱ्यापलीकडचे शेत एका बौद्ध कुटुंबाचे. शेत करणाऱ्या बाई साठीच्या घरातल्या. सासूच्या हाताखाली शेती शिकलेल्या आणि पती गेल्यावर एकटीने ती सांभाळलेल्या. सकाळी माझी संध्या चाललेली असे त्याच वेळी त्यांच्या घरातून वंदनेचा स्वर येई. दोन्ही स्वर धुऱ्यावर भेटत, असे मला वाटे. मला असे पुष्कळ काही वाटत असे.

पहिल्याच हिवाळ्यात माझ्या करडईवर मावा पडला. मी दुकानातून औषध आणले, नाकाला उपरणे बांधले, पंप पाठीवर घेतला आणि पहिल्या ओळीला लागलो. तोच धुऱ्यापलीकडून हाक आली.

"ओ गुरुजी! काय मारून राह्यले?"

"मावा पडला आहे, बाई."

"मंग मावा खानाऱ्याला कामून मारता?"

त्या गवतातून वाट काढीत आल्या. करडईचे काटेरी पान त्यांनी बेतानेच उलटे केले. खाली एक काळपट, खरबरीत, नारिंगी ठिपक्यांची अळी चालली होती. मगरीचे पिलू नखाएवढे करून ठेवावे तशी. मी किळसेने मागे सरलो.

"दिसायला भुतावानी हाय," बाई म्हणाल्या, "पन दिवसभर मावाच खातं. मोठं झालं की हेच लाल होतं, काळ्या ठिपक्याचं. ढालकिडा. लेकरं तळहातावर घेऊन खेळतेत न्हाई का, ते. पंप ठेवा खाली. आठ दिस थांबा. मावा नाही हटला तर मी सोता येऊन फवारते, बिलकुल."

मी पंप खाली ठेवला. आठ दिवसांनी मावा पुरता गेला नव्हता, पण करडई सावरली होती. बाई येऊन पाहून गेल्या आणि एवढेच म्हणाल्या, "बघा."

त्यानंतर मी त्यांच्याकडून शिकू लागलो. हरभऱ्यात मध्ये मध्ये ज्वारीचे दाणे का टाकायचे: तर ताटे उंच वाढतात, त्यांवर कोतवाल पक्षी येऊन बसतो आणि खालच्या घाटेअळ्या वेचून खातो. धुऱ्यालगतच्या ज्वारीच्या दोन ओळी का कापायच्या नाहीत: त्या पाखरांच्या. "पेरनाऱ्यानं दोन ओळी सोडायच्या. माझी सासू सोडायची, तिची सासू सोडायची." आणि धुरा का मोडायचा नाही, हेही त्यांनीच सांगितले. "पीक चार महिन्याचं, गुरुजी. अळ्या खानाऱ्या पाखराला बारा महिने घर पायजे का न्हाई? पीक निघाल्यावर ते कुठं जाईल? तुमच्या ओसरीत?"

मी शास्त्रे वाचली आहेत. परंतु एखाद्या गोष्टीचे कारण इतके सरळ सांगितलेले मी क्वचितच ऐकले होते.

त्यांच्या ओसरीवर मी चहा घेत असे. माझ्या वाडवडिलांनी त्या घरचे पाणीही घेतले नसते. मी घेतो, बुद्धाच्या मूर्तीसमोर बसून घेतो, याचे मला मनातून समाधान होते. त्या समाधानाचा उल्लेख करताना आज लाज वाटते. पण तो टाळला तर पुढचे समजणार नाही.

शिवारफेरीची कल्पना माझी. शहरातले लोक धान्य खातात, पण ते कोणाच्या साहाय्याने पिकते हे त्यांना ठाऊक नसते, ते दाखवावे. पहिल्या वर्षी पंधरा माणसे आली, दुसऱ्या वर्षी तीसेक. दोन्ही वेळा मी प्रारंभी चार शब्द बोललो आणि पुढे बाई चालल्या. लोक त्यांच्यामागे. त्या पान उलटीत, दगड उचलीत, आणि प्रत्येक वेळी खाली काहीतरी जिवंत निघे. नवीन जालन्यातील एका बँकेत काम करणाऱ्या ताई एका कोळ्याला पाहून ओरडल्या.

"तुमच्या घरात पाल असती ना, ताई?" बाईंनी विचारले.

"असते की. झाडूने हाकलते मी तिला."

"मंग डास कोन खाईल? तुमचे साहेब?"

सगळे हसले. ताईंचे साहेब शेजारीच उभे होते, तेही हसले. पुढे त्या ताईंनी मला मुद्दाम कळविले की आता त्या पालीला हाकलीत नाहीत. एका पालीला अभय मिळाले, तरी मला ती फेरी सफल वाटली. मी मात्र लोकांना सांगताना 'आमची शिवारफेरी' असे म्हणू लागलो, आणि लोक 'गुरुजींची शिवारफेरी' असे म्हणू लागले. मी ते कधी दुरुस्त केले नाही.

तिसऱ्या वर्षाच्या आधी एके दिवशी बाई धुऱ्यावर माझी वाट पाहत उभ्या होत्या. त्यांचा मुलगा पस्तिशीचा, नवीन जालन्यात बियाण्यांच्या एका कार्यालयात नोकरी करणारा. त्याला धुरा काढावयाचा होता. ट्रॅक्टर सरळ फिरत नाही, गवतात रानडुकरे दडतात, आणि कालव्याचे पाणी आहे तर ऊस का नको, असे त्याचे म्हणणे. ते सर्वस्वी चुकीचे होते असे मी म्हणणार नाही. डुकरे दडत होती.

"मला त्याला समजावता येईना," बाई म्हणाल्या. "म्हनतो, आई, तुझं जुनं हाय. मी म्हनलं, मंग शहरातले शिकलेले लोक कशाला येतेत बघायला? तर म्हनला, येतो यंदा. या लोकाईला खरंच काही उमगतं असं दिसलं तर धुऱ्याला हात लावनार न्हाई. न्हाई दिसलं, तर जेसीबी लावतो. मी म्हनलं, बराबर हाय." हिवराकडे पाहून त्या पुढे म्हणाल्या, "आता फेरी नीट होऊ द्या, गुरुजी. धुरा तुमच्या हातात हाय."

मी त्यांना निर्धास्त राहण्यास सांगितले. आणि मग फेरी मोठी करावयाचे ठरविले.

माझी चूक येथे आहे. माणूस एक आहे, त्याला पटवावयाचे आहे, ते त्याच्या आईनेच पूर्वीप्रमाणे चालता चालता पटविले असते. परंतु मला वाटले, प्रसंग महत्त्वाचा आहे, तर त्याला साजेसा थाट हवा. मी शाळेला कळविले. दोन बसगाड्या आल्या, शिवाय मोटारी. मंडप घातला, ध्वनिक्षेपक आणला, व्यासपीठावर मुख्याध्यापक, एक व्यापारी, एक निवृत्त अधिकारी आणि मी. ज्यांची फेरी, ज्यांचे ज्ञान, त्या बाईंसाठी व्यासपीठावर खुर्ची ठेवावी, हे मला सुचलेच नाही. सुचले नाही हेही पूर्ण खरे नाही. सुचले होते, पण त्या संकोचतील, भाषा अडखळेल, शिकलेल्या लोकांपुढे त्यांची फजिती होईल, असे मी माझ्याशीच ठरविले. दोन वर्षे ज्या बाईने शिकलेल्या लोकांना हसविले, शिकविले, त्यांच्याविषयी मी हे ठरविले.

आदल्या दिवशी त्यांच्याकडे जाऊन मी म्हणालो, "बाई, तुम्ही आगटी सांभाळा. तुमच्यासारखा हुरडा दुसऱ्या कोणाला भाजता येत नाही. बोलण्याचे मी पाहतो."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. "बरं," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नारळ फोडून, पृथ्वीच्या स्तुतीचे मंत्र म्हणून मी प्रारंभ केला. मंत्र बाईंना चालतील का, हे मी विचारले नव्हते. नंतर मी पाऊण तास बोललो. पंचमहाभूते, जीवसृष्टीचे परस्परावलंबन, धर्मातील भूतदया. वाक्ये चांगली बांधलेली होती, मी ती आठवडाभर बांधीत होतो. मंडपामागे गोवऱ्यांच्या खड्ड्यात कणसे भाजली जात होती. त्यांचा गोडसर वास आला तसे मागच्या रांगेतले लोक एकेक उठू लागले. बाईंचा मुलगा मात्र उठला नाही. हाताची घडी घालून तो शेवटपर्यंत ऐकत उभा होता.

मग लोकांना घेऊन मी करडईपाशी गेलो. एका मुलीने पान उलटून विचारले, "आजोबा, हे काय?"

काळपट, खरबरीत, नारिंगी ठिपक्यांचे काहीतरी चालले होते. मी वाकून पाहिले. मागे शंभर माणसे होती, पुढे निवृत्त अधिकारी भ्रमणध्वनीवर चित्रण करीत होते. मला नेमके आठवेना. आणि मला ठाऊक नाही, हे शब्द मला उच्चारता येईनात. मी सवयीने बाईंकडे वळून पाहिले. तेथे बाई नव्हत्या. त्या आगटीपाशी होत्या. मीच त्यांना तेथे बसविले होते.

मी म्हणालो, "ही कीड आहे, बाळ. अशा अळ्या पिकाचा नाश करतात."

मुलीच्या आईने पान झटकले आणि अळी चपलेखाली चिरडली.

मागून बाईंच्या मुलाचे हसणे ऐकू आले. मोठे नव्हते, पण त्यात गंमतही नव्हती. तो पुढे आला. "गुरुजी, हे तर आपलं माणूस हाय. मावा खानारं. आईनं मला शाळेत जायच्या आधी शिकवलं हे." मग त्या मुलीच्या आईकडे वळून म्हणाला, "असू द्या ताई, तुमची काय चूक? मास्तरांनीच सांगितलं ना."

मी पाठांतराचा माणूस. कोठल्या तरी विस्मृत शब्दाची फोड आजही झोपेतून उठवून विचारली तर सांगेन. परंतु पहिल्याच हिवाळ्यात बाईंनी तळहातावर धरावे तसे जे मला दाखविले, ते मी पाठ केले नव्हते. शेजारणीचे बोलणे म्हणून ऐकले, विद्या म्हणून ऐकले नाही. पाठ करण्यायोग्य काय आणि नुसते ऐकण्यायोग्य काय, याची वाटणी माझ्या आतच कोठे तरी फार पूर्वी होऊन बसली होती, आणि चहाच्या दहा कपांनी ती पुसली गेली नव्हती.

पुढचे लवकर सांगतो. माणसे फार होती, हुरडा अपुरा पडला. कोणीतरी धुऱ्यालगतच्या उभ्या ओळींकडे बोट दाखविले. मी म्हणालो, "त्या पाखरांसाठी राखल्या आहेत."

"आम्ही तरी कोण, गुरुजी? लांबून उडत आलेली पाखरंच की!" व्यापारी म्हणाले.

मोठा हशा पिकला. आणि येथे मला जे लिहिणे सर्वांत जड जाते ते लिहितो: मीही हसलो. पाहुणे होते, यजमानाने मोडता घालू नये, म्हणून हसलो. पाहता पाहता दोन्ही ओळींची कणसे मोडली गेली. मुलांनी ताटे उपटून तलवारी केल्या. आगटीवरून उठून बाई कमरेवर हात ठेवून ते पाहत उभ्या होत्या. त्यांच्या बोटांना राख लागलेली होती. कोणी तरी त्यांना म्हणाले, "मावशी, भाजा की लवकर, कणसं आणली बघा." त्या खाली बसल्या आणि पाखरांची कणसे त्यांनी आपल्या हाताने भाजून दिली.

सायंकाळी बसगाड्या गेल्या. जाताना प्रत्येकाने सांगितले, गुरुजी, अप्रतिम झाले. बोरीच्या काट्यांत कागदी थाळ्या अडकल्या होत्या. त्या मी काढीत असता पलीकडे मायलेकांचे बोलणे कानावर आले.

"बघितलंस आई?"

"बघितलं."

"मंग?"

बाईंनी बोटांची राख पदराला पुसली. नंतर म्हणाल्या, "मी शब्द दिल्ता. बराबर हाय तुझं."

आठवड्याने जेसीबी आला. धुरा दोघांचा, माझ्या बाजूचा अर्धा मी राखू शकत होतो, आणि मुलाने तसे नम्रपणे विचारलेही. मी म्हणालो, माझा अर्धा ठेव. यंत्राने मधोमध रेघ धरून पलीकडचा अर्धा खरवडून काढला. हिवराची एका बाजूची मुळे उघडी पडली. चैत्रातल्या वावटळीत ते झाड माझ्याच शेतात आडवे झाले. पिंगळे त्याच्या आधीच गेले होते.

त्या काळात एकदा मी बाईंकडे गेलो. ओसरीवर बसलो, चहा आला. क्षमेची वाक्ये मी वाटेत जुळवीत आलो होतो. बाईंनी ती पुरी होऊ दिली नाहीत.

"गुरुजी," त्या म्हणाल्या, "मला बोलता येत होतं ना."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला काही आधार झाला असता. मी चहा घेतला आणि उठलो.

या हिवाळ्यात माझ्या हरभऱ्याच्या बुडाशी उंदरांची बिळे आहेत. कोतवाल एखादाच येतो. उरलेल्या अर्ध्या धुऱ्यावर पुन्हा गवत धरले आहे, पण अर्धा धुरा हा दोन फळ्यांपैकी एकच फळी लावलेल्या दारासारखा असतो. ज्वारीच्या दोन ओळी मी यंदाही सोडल्या आहेत. त्यांवर पाखरे येतात की नाही, हे पाहत बसण्याचे धैर्य मला अजून झालेले नाही.

म्हणून, मुख्याध्यापक महोदय, यंदा माझी शिवारफेरी नाही. ती कधी माझी नव्हतीच. कालच्या तुमच्या फोननंतर मी पलीकडे जाऊन बाईंना विचारून आलो. त्या करडई निंदत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "येऊ द्या की धा लोक. पन मला फोन करायला सांगा, तुमाला न्हाई. आन हुरडा मिळनार न्हाई." मी परत येऊन त्यांचा क्रमांक तुम्हांला कळविला. हे लिहून होईपर्यंत तुमचा त्यांना फोन गेलेला नाही, हे मी आत्ताच विचारून आलो. हुरड्यावाचून शिवार पाहण्यासारखे काही असते, हे पाऊण तास बोलूनही मी तुम्हांला शिकवू शकलो नाही. दोष शिकविणाऱ्याचा.

तरीही वडीलधाऱ्याचे तोंड शेवटी आशीर्वादासाठीच उघडावे. वाचकहो, मत्स्योदरी तुमची कोठारे भरलेली ठेवो, तुमची मुलेबाळे निरोगी राहोत, तुमच्या अंगणात पाखरू निर्भय उतरो. तुमच्या घरात, शेजारात, पान उलटून खालचा जीव ओळखणारे एखादे माणूस असेल तर त्याला दीर्घ आयुष्य लाभो. आणि ते बोलू लागेल तेव्हा त्याला आगटीपाशी न बसविण्याची बुद्धी तुम्हांला माझ्यापेक्षा लवकर होवो.